रिपोर्ट आपला, पाहणार कोण? वैद्यकीय चाचण्यांच्या गोपनीयतेविषयी नाशिककरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रक्त, लघवी, थुंकी, एक्स-रे, सोनोग्राफी यांपैकी कोणतीही तपासणी केली की तिचा अहवाल नमुना घेणाऱ्याकडून तंत्रज्ञाकडे, तिथून सही करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि मग काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडे जातो. त्यापुढे तो व्हॉट्सॲपवर, कंपनीच्या एचआर विभागात, विमा एजंटाच्या फाइलमध्ये किंवा घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती पोहोचू शकतो. या प्रत्येकावर कायद्याने काही ना काही बंधन घातले आहे, पण सगळ्यांना मिळून एकच कायदा लागू होत नाही, आणि या विषयातली खरी अडचण तीच आहे. त्यामुळे रिपोर्ट बाहेर गेल्यावर तक्रार कुठे करावी, हे तो नेमका कोणाच्या हातून बाहेर गेला यावर ठरते. त्याहून उपयोगाचे म्हणजे, तो कोणाकडे जावा आणि कोणाकडे जाऊ नये, हे नमुना देतानाच बऱ्याच अंशी ठरवून घेता येते. पुढचे विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि आरोग्यविषयक माहिती त्या हक्काच्या कक्षेत येते, हे त्यातून स्पष्ट झाले. रोजच्या व्यवहारात मात्र रुग्णाला जास्त उपयोगी पडतात ते भारतीय वैद्यकीय परिषदेचे २००२ चे व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम. रुग्णाविषयी व्यवसायाच्या ओघात कळलेली गुपिते नोंदणीकृत डॉक्टरांनी उघड करू नयेत, असे त्यातील ७.१४ हा विनियम सांगतो आणि केवळ तीन अपवाद ठेवतो: न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि शासनाला कळवणे बंधनकारक असलेले आजार. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाल्याने २००२ चेच विनियम पुन्हा लागू झाले. नव्या विनियमांचे कलम तक्रारीत नमूद केल्यास तक्रार उगाच लंगडी पडते.

लॅब किंवा रुग्णालय कंपनीचे, भागीदारीचे किंवा एकाच मालकाचे असेल आणि अहवाल संगणकावर ठेवत असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ चे नियम लागू होतात. त्यांत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' म्हटले असून ती घेण्यासाठी लेखी संमती आणि तिसऱ्याला देण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरी माहिती सांभाळणाऱ्या संस्थांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, त्यामुळे तोवर जुन्या नियमांचाच आधार घ्यावा लागतो.

महाराष्ट्राची एक खास गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याच्या नियमांत झालेल्या सुधारणेमुळे रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खाटा असलेल्या रुग्णालयांना बंधनकारक झाले. गोपनीयता हा त्या सनदेतला एक हक्क आहे. कॉलेज रोडवरच्या किंवा सिडकोतल्या एखाद्या दुकानवजा स्वतंत्र पॅथॉलॉजी लॅबला मात्र हा कायदा लागू होत नाही. तिथे डॉक्टरांची आचारसंहिता, ग्राहक कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा हेच मार्ग उरतात.

पहिली पायरी: नमुना देण्याआधी

नोंदणीच्या अर्जावरचा मोबाइल क्रमांक ही या साऱ्या प्रकरणातली सर्वांत दुबळी जागा आहे, असे माझे मत आहे. घाईत मुलाचा, मेहुण्याचा किंवा सोबत आलेल्या शेजाऱ्याचा क्रमांक दिला जातो, तो लॅबच्या संगणकात कायमचा चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक तपासणीचा अहवाल आपोआप तिकडेच जातो. कायद्याच्या भाषेत तो क्रमांक आपणच दिलेला असल्याने नंतर तक्रारीत फारसा दम राहत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नोंदणी करताना 'माझ्या नावावर कोणता क्रमांक आहे' हे विचारावे, जुना असल्यास बदलून घ्यावा आणि ईमेलचीही तशीच खात्री करावी. घरी येऊन नमुना नेणाऱ्या सेवेत ही खबरदारी अधिकच लागते, कारण तिथे बुकिंग बहुधा दुसऱ्याच कोणाच्या ॲपवरून झालेले असते.

अर्जावर स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहावे: 'अहवाल फक्त रुग्णाला किंवा रुग्णाच्या लेखी पत्रानेच द्यावा.' छापील अर्जात तशी जागा नसली तरी कोपऱ्यात लिहून त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. उद्या वाद झालाच, तर संमतीची मर्यादा आपण आधीच सांगितली होती, याचा तोच पुरावा ठरतो. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली संमतीही वाचावी. तपासणीसाठी आणि आपल्या डॉक्टरांना अहवाल पाठवण्यासाठी दिलेली संमती योग्यच आहे, पण 'सहयोगी संस्थांना' किंवा 'जाहिरातीसाठी' माहिती देण्याचे वाक्य खोडून त्यावर सही करण्याचा आग्रह धरता येतो.

ज्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली त्यांना लॅबने अहवाल पाठवणे हा गोपनीयतेचा भंग नव्हे, कारण तो उपचाराचाच भाग आहे. तरीही तो अहवाल डॉक्टरांच्या स्वतःच्या क्रमांकावर जातो की दवाखान्यातल्या सगळ्यांना दिसणाऱ्या फोनवर, हे विचारायला हरकत नाही.

लॅबच्या अहवालावर कोणाची सही आहे, हेही पाहावे. अशा अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाचीच सही असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. गोपनीयतेशी याचा संबंध असा की, सही करणारे डॉक्टर परिषदेकडे नोंदलेले असतील तर त्यांच्यावर आचारसंहिता चालते. सहीच भलत्याची असेल, तर तो मार्ग सुरुवातीलाच बंद होतो. लॅबकडे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असेल तर आणखी एक आधार मिळतो, कारण त्या मान्यतेमागच्या आयएसओ १५१८९ या मानकातच गोपनीयतेची स्वतंत्र अट आहे आणि मान्यताप्राप्त लॅबविरुद्धची तक्रार एनएबीएलकडे करता येते.

मोफत आरोग्य शिबिरांबाबत जरा स्पष्ट बोलायला हवे. गणेशोत्सवात, नेत्यांच्या वाढदिवशी किंवा सोसायटीच्या सभागृहात भरणाऱ्या शिबिरांत साखरेचे आणि रक्तदाबाचे आकडे एकाच वहीत नावासकट लिहिले जातात आणि ती वही दिवसभर टेबलावर उघडी पडलेली असते. तपासणी फुकट आहे म्हणून गोपनीयता सोडून दिली, असा अर्थ कायदा लावत नाही. आयोजकांना सांगून आपला आकडा आपल्याच कागदावर लिहून घ्यावा आणि वहीत केवळ क्रमांक टाकायला सांगावे.

दुसरी पायरी: स्वतःचा अहवाल स्वतःला मिळवणे

गोपनीयतेचे नाव पुढे करून रुग्णालाच कागद नाकारले जातात, असाही अनुभव पुष्कळांना येतो. रुग्णाला त्याच्याच उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती देण्यास गोपनीयतेची सबब चालत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत त्या द्यायच्या असतात. मागणी तोंडी करू नये. दोन प्रतींत अर्ज द्यावा आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण ७२ तास त्या पोचेपासूनच मोजता येतात.

नातेवाइकाला पाठवायचे असेल तर साध्या कागदावर अधिकारपत्र द्यावे आणि त्यात त्या व्यक्तीचे नाव, कोणता अहवाल, कोणत्या तारखेचा आणि 'फक्त ताब्यात घेण्यासाठी' एवढे स्पष्ट लिहावे. 'सर्व कागदपत्रे देण्यात यावीत' असे मोघम लिहिले की जुन्या तपासण्याही त्यासोबत बाहेर जातात.

तिसरी पायरी: घरातल्या माणसांविषयी

हा भाग सर्वांत नाजूक आहे आणि कायदा इथे आपल्या घरगुती रीतीच्या बरोबर उलट दिशेने चालतो. आपल्याकडे वडिलांना कर्करोग निघाला की मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठून 'बाबांना काही सांगू नका' असे म्हणतो आणि डॉक्टरही पुष्कळदा ते मान्य करतात. त्यामागची माया खोटी नसते. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची माहिती आधी त्याची असते आणि ती इतर कोणाला द्यायची का, हे त्यानेच ठरवायचे असते. त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया किंवा गंभीर तपासणी ठरल्यावर रुग्णाला आधीच विचारावे की, निकाल काय आला ते तुम्हाला सांगायचे की तुमच्या वतीने आणखी कोणाला. आणि त्याचे उत्तर केसपेपरवर लिहून त्याची सही घ्यावी. काही रुग्ण स्वतःहून 'मुलीला सांगा, मला नको' असे म्हणतात. तेही त्यांचेच स्वातंत्र्य आहे.

पती किंवा पत्नी असल्यामुळे जोडीदाराचा अहवाल मागण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. सासू-सासरे, दीर, नणंद यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. वंध्यत्वाच्या तपासण्यांत यावरून फार गोंधळ होतो. दोघांची फाइल एकच असते आणि कोणीही एक जण येऊन ती घेऊन जातो. अशा वेळी वीर्यतपासणीचा आणि हार्मोन्सचा अहवाल स्वतंत्र पाकिटात, ज्याचा त्याला द्यावा, असे क्लिनिकला पहिल्याच भेटीत सांगावे.

गर्भपाताच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ च्या सुधारणेने कलम ५-अ आले. त्यानुसार गर्भपात केलेल्या स्त्रीचे नाव आणि तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी स्वतःचीच संमती पुरते; पतीची सही कायदा मागत नाही. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते आणि पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावे लागते. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी त्या कळवण्यात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटले आहे.

रुग्णालाही सांगता येत नाही असा एकच निष्कर्ष सोनोग्राफीच्या खोलीत असतो, तो म्हणजे गर्भाचे लिंग. १९९४ च्या कायद्याने ते शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे कोणालाही सांगण्यास मनाई केली आहे आणि 'माझाच रिपोर्ट आहे' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

चौथी पायरी: कंपनी, कार्यालय आणि विमा

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी होते आणि पुढे दरवर्षी होत राहते. तिचे पैसे कंपनी भरते, म्हणून अहवालही कंपनीचाच, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. खर्च कोणीही केला तरी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांवरचे गोपनीयतेचे बंधन सुटत नाही. कंपनीला खरोखर हवी असते ती एकच माहिती: हा माणूस या कामासाठी तंदुरुस्त आहे की नाही, आणि असल्यास काही मर्यादेसह आहे का. त्यामुळे संमतीपत्रावर सही करताना 'कंपनीस केवळ तंदुरुस्तीचा दाखला द्यावा, सविस्तर अहवाल मला द्यावा' असे लिहिणे हा सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. काही ठिकाणी एचआर विभाग नाक मुरडतो, परंतु कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी थेट बोलल्यास बहुधा प्रश्न सुटतो, कारण सविस्तर आकडे एचआरच्या कपाटात असण्याची जोखीम त्यांनाही ठाऊक असते.

धोकादायक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगारांना पाहायला मिळणे, ही व्यवस्थापनाची जबाबदारी कारखाने कायद्यात होती आणि आता त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. रंगकाम, प्लेटिंग किंवा बॅटरीच्या कामावर असणाऱ्यांनी दरवर्षीची प्रत मागून घरी फाइलला लावावी. कामातून आजार उद्भवल्याचे पुढे कधी सिद्ध करावे लागले, तर जुने आकडेच बोलतात.

एचआयव्ही चाचणी ही नोकरीची पूर्वअट ठेवण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने मनाई केली आहे. शिक्षण आणि उपचार यांनाही ती मनाई लागू आहे.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती मागताना सगळे अहवाल आस्थापना शाखेत जातात आणि एखादा नाराज सहकारी माहिती अधिकारात ते मागतो. अशा अर्जांना घाबरू नये. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात वैद्यकीय नोंदी, उपचार आणि औषधे यांना वैयक्तिक माहितीत गणले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलून वैयक्तिक माहितीची सूट अधिक व्यापक करण्यात आली आहे. त्रयस्थ पक्ष म्हणून आपल्याला नोटीस आली तर दहा दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी. गप्प राहू नये.

विम्याच्या बाबतीत सल्ला थोडा वेगळा आहे. प्रस्ताव अर्जात जे विचारले आहे ते खरे सांगावेच लागते, कारण लपवलेला आजार पुढे दावा फेटाळण्याचे कारण होतो. मात्र ती माहिती विमा कंपनीला द्यायची असते, एजंटाला नव्हे. रिपोर्टचे फोटो एजंटाच्या व्हॉट्सॲपवर टाकण्याऐवजी कंपनीच्या पोर्टलवर किंवा अधिकृत ईमेलवर पाठवावेत.

कायदाच जिथे उघड करायला सांगतो

न्यायालयात डॉक्टर-रुग्ण संवादाला वकील-अशील संवादासारखे कवच नाही. न्यायाधीशांनी आदेश दिला तर डॉक्टरांना अहवाल सादर करावाच लागतो. घटस्फोटाच्या दाव्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या शारदा विरुद्ध धर्मपाल प्रकरणात ठरवले. असा आदेश निघालाच, तर अहवाल बंद लिफाफ्यात घ्यावा आणि कामकाज बंद दालनात चालावे, अशी विनंती आपल्या वकिलांमार्फत करता येते.

पोलिसांनी तपासासाठी कागद मागितले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार लेखी आदेश हवा. हवालदाराने काउंटरवर येऊन तोंडी विचारले म्हणून कर्मचाऱ्याने रिपोर्ट दाखवणे योग्य नाही.

क्षयरोगाबद्दल गैरसमज फार आहेत. २०१२ पासून हा आजार कळवणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेत लॅब व औषध विक्रेते यांचाही स्पष्ट समावेश आहे. न कळवणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते. त्यामुळे थुंकीचा अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर लॅबने आपले नाव क्षयरुग्णांच्या नोंदीसाठीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंदवले, तर तो भंग नव्हे. पण ही नोंद आरोग्य यंत्रणेपुरती असते. घरभेटीला आलेल्या कर्मचाऱ्याने खालच्या मजल्यावर चौकशी करताना आजाराचे नाव घेतले, तर ते मात्र चूक आहे, आणि महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे त्याची तक्रार करावी. भेट घरी नको असेल तर आरोग्य केंद्रावर येण्याची वेळ ठरवून मागता येते.

एचआयव्ही आणि मानसिक आजार: दोन स्वतंत्र कायदे

एचआयव्हीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चाचणीपूर्वी आणि नंतर समुपदेशन, माहितीपूर्ण संमती आणि विश्वासाने कळलेली स्थिती लेखी संमतीशिवाय उघड न करणे, हे त्याचे गाभ्याचे नियम आहेत. शस्त्रक्रियेआधी 'रुटीन' म्हणून न विचारता ही चाचणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती या कायद्यात बसत नाही. अहवालावर लाल शाईने खूण करणे किंवा पलंगावर पाटी लावणे तर मुळीच नाही.

जोडीदाराला कळवण्याचा प्रश्न वेगळा. १९९८ मध्ये 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने होणाऱ्या वधूच्या आरोग्याचा हक्क रुग्णाच्या गोपनीयतेपेक्षा वरचा ठरवला होता. आता कायद्याचे कलम ९ त्याला शिस्त लावते. फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकच जोडीदाराला सांगू शकतात, आणि तेही जोडीदाराला मोठा धोका आहे, रुग्णाला स्वतः सांगण्याविषयी समुपदेशन झाले आहे, तरी तो सांगणार नाही याची खात्री पटली आहे आणि आपण सांगणार असल्याचे त्याला कळवले आहे, एवढ्या सगळ्या अटी पूर्ण झाल्यावर, समक्ष आणि समुपदेशनासह. सांगितल्यामुळे घराबाहेर काढले जाण्याची किंवा मारहाणीची भीती असलेल्या स्त्रीला या कलमात संरक्षण आहे. लॅबच्या कर्मचाऱ्याला, नर्सला किंवा नातेवाईक असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला असा अधिकार नाही. शंका असल्यास १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते. खटला चालवायची वेळ आली तर टोपणनावाने चालवण्याची मागणी या कायद्यात करता येते, आणि नाव बाहेर येईल या भीतीने तक्रारच न करणाऱ्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २३ उपचारांची गोपनीयता आणि कलम २५ स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क देते. नामनिर्देशित प्रतिनिधीला काळजी घेण्यापुरती माहिती देता येते. म्हणून तो प्रतिनिधी कोण असावा, हे बरे असताना लेखी ठरवून ठेवावे.

मोबाइलवरचे अहवाल

पीडीएफचा पासवर्ड जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक असेल तर घरातल्या कोणालाही तो उघडता येतो. त्याला कुलूप म्हणण्यात अर्थ नाही. आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी डिजिटल रूपात एकत्र जोडणारा सरकारी ओळख क्रमांक, घेणे ऐच्छिक आहे. तो घेतल्यावरही कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या नोंदी आणि किती काळासाठी दाखवायच्या, हे ठरवता येते आणि दिलेली संमती मागे घेता येते. वर्षातून एकदा आभाच्या ॲपमधल्या संमतींची यादी उघडून जुन्या रद्द कराव्यात. कुटुंबाच्या ग्रुपवर 'कोणी डॉक्टर ओळखीचे आहेत का' म्हणून आईचा रिपोर्ट टाकण्यापूर्वी आईला विचारावे.

अहवाल बाहेर गेलाच तर

पहिले काम पुराव्याचे. ज्या संदेशातून अहवाल फिरला त्याचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि वेळ दिसेल असा काढावा, मूळ संदेश पुसू नये आणि तो फोन विकू नये. डिजिटल पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते सोपे जाते. ज्या व्यक्तीकडून बातमी कळली तिचे म्हणणे तारखेसह लिहून ठेवावे. लॅबची पावती, नोंदणीचा अर्ज आणि आधी काढलेला त्या पानाचा फोटो एकत्र ठेवावा.

मग संस्थेलाच लेखी पत्र द्यावे. मजकूर असा असू शकतो: 'दिनांक अमुक रोजी आपल्या संस्थेत केलेल्या चाचणीचा माझा अहवाल माझ्या संमतीशिवाय अमुक व्यक्तीस मिळाल्याचे मला दिनांक अमुक रोजी समजले. हा अहवाल कोणी, कोणास व कोणत्या मार्गाने पाठवला याची लेखी माहिती द्यावी, तो पुढे पाठवला जाणार नाही याची व्यवस्था करावी आणि केलेल्या कारवाईची माहिती एक महिन्याच्या आत द्यावी.' मुदत एक महिन्याची लिहायची, कारण २०११ च्या नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याला तेवढाच अवधी आहे. पत्रात आजाराचे नाव लिहू नये, कारण तक्रारीचा कागदही चार टेबलांवरून फिरतो.

महिनाभरात समाधान झाले नाही तर दोषी कोण यावरून मार्ग निवडावा. डॉक्टरांनी स्वतः उघड केले असल्यास मुंबईतील महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार जाते. विनियमांत सहा महिन्यांत निर्णयाची अपेक्षा असली तरी जास्त काळ लागण्याची मनाची तयारी ठेवावी. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. खाटांच्या खासगी रुग्णालयाविरुद्ध, ते नाशिक महापालिकेच्या हद्दीत असेल तर शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनातील वैद्यकीय विभागाकडे अर्ज करावा; निफाड, सिन्नर किंवा दिंडोरीसारख्या ग्रामीण भागातले असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करावी.

पैसे देऊन सेवा घेतली असेल तर माझा कल ग्राहक आयोगाकडे आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय इतरांना देणे, याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये थेट 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटले आहे, त्यामुळे निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा किचकट भाग बराच कमी होतो. लॅब पुण्या-मुंबईची असली तरी तक्रारदार नाशिकमध्ये राहत असल्यास नाशिकच्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो, तो ई-जागृती पोर्टलवरून दाखल होतो आणि सेवेसाठी आपण दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. सगळ्यांनाच मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र हा मार्ग चालत नाही. तिथे रुग्णालयप्रमुखांकडे आणि नंतर आरोग्य उपसंचालकांकडे जावे लागते.

अहवाल संगणकातून किंवा ॲपमधून गेला असेल आणि नुकसान मोठे असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईच्या दाव्यांची सुनावणी घेतात. कराराने मिळालेली माहिती नुकसान करण्याच्या हेतूने किंवा त्याची जाणीव असताना उघड केल्यास त्याच कायद्याच्या कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याची फिर्याद पोलिसांकडे देता येते. एचआयव्ही बाधित व्यक्तीला उपचारात किंवा नोकरीत भेदभाव सोसावा लागला असेल, तर एचआयव्ही कायद्याखालील लोकपालाकडे जाता येते आणि त्यांनी ३० दिवसांत आदेश द्यावा असे कायदा सांगतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सीबीएसजवळील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नमर्यादेत मिळतो. १५१०० या हेल्पलाइनवर आधी चौकशी करावी. प्रत्यक्ष जाताना पावती, अर्जाची प्रत आणि संस्थेला दिलेल्या पत्राची पोच एवढेच न्यावे. मूळ अहवाल वकील नेमला जाईपर्यंत कोणाच्याही टेबलावर ठेवू नये.